वाटाण्याचे रोप आणि मधला काळ

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली. त्यांना कित्येक दिवस लागले. आफ्टर इफेक्ट्समध्ये आपले काम दुपारभराचे, असे मला वाटले. देठाची रेषा काढून तिला ‘ट्रिम पाथ्स’ लावले. ‘एंड’चा आकडा आरंभी ०, पाचव्या सेकंदाला १०० टक्के ठेवला. सेकंदाला २४ या हिशेबाने मधल्या फ्रेम संगणकाने भरल्या. रोप वाढले, पण सरकत्या जिन्यासारखे, एकाच वेगाने. मग ग्राफ एडिटरमध्ये वेगाची रेषा वाकवली : आधी संथ, मग झपाट्याने, शेवटी पुन्हा संथ. तेव्हा कुठे त्यात जीव आला. फाळक्यांना ही लय रोपानेच दिली होती. मला ती ठरवावी लागली. आणि ती ठरवण्यासाठी अखेर मीही कुंडीत वाटाणा पेरला.