आगगाडीने आखून दिलेली सायकलवाट

दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात, अ‍ॅडलेड शहराच्या उत्तरेला साधारण १३० किलोमीटरवर क्लेअर व्हॅली नावाचा टेकड्यांचा टापू आहे. हा द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख. चर्चमधल्या विधींना वाइन लागते म्हणून ऑस्ट्रियाहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी १८५१ साली इथल्या सेव्हनहिल गावी द्राक्षवेल लावले, तेव्हापासूनची ही परंपरा. आज या टापूतून ऑबर्न, वॉटरव्हेल, पेनवर्दम, सेव्हनहिल, क्लेअर अशी गावे जोडत खडीची एक वाट द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने जाते. तिच्यावर मोटारींना आणि ट्रकना मज्जाव आहे. माणसे चालत जातात किंवा सायकलने. इथे पिकणाऱ्या प्रसिद्ध द्राक्षाच्या जातीवरून तिला ‘रीझलिंग ट्रेल’ म्हणतात.

टेकड्या म्हटल्या की सायकलस्वाराची दमछाक ठरलेली. पण या वाटेवर शाळकरी मुले आणि निवृत्त मंडळीही आरामात सायकल चालवतात. जवळूनच जाणारा मोटाररस्ता मात्र चांगलाच चढतो-उतरतो. एकाच टापूत हा फरक कसा पडला?

याचे कारण असे, की ही वाट मुळात सायकलींसाठी आखलेलीच नव्हती. ती आखली आगगाडीसाठी. रिव्हर्टनकडून येणारा लोहमार्ग १९१८ साली क्लेअरला पोहोचला आणि पुढे स्पाल्डिंगपर्यंत गेला. त्याच मार्गाच्या पायावर आज सायकली धावतात.

आगगाडीसारखे बलाढ्य यंत्र चढाला का घाबरते, हे आधी पाहू. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते, तेव्हा दोन्ही जवळजवळ दबतच नाहीत. त्यामुळे सपाटीवर गाडी ओढायला फारच थोडे बल पुरते. एक टन वजनासाठी साधारण दोन-तीन किलोग्रॅम वजनाइतके. आता ५० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढेल असा चढ घ्या. आपल्या डोळ्यांना तो जेमतेम जाणवेल. पण तिथे दर टनाला आणखी २० किलोग्रॅम बल लागते, म्हणजे काम एकदम आठ-दहापट वाढते. शिवाय गुळगुळीत रुळावर इंजिनाच्या चाकांची पकडही मर्यादित. जोर फार लावला तर चाके जागच्या जागी फिरतात. आपल्या बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते, हे पुणे-मुंबई प्रवास केलेल्यांनी पाहिले असेलच.

म्हणून रेल्वेचे इंजिनियर चढ टाळण्यासाठी वाटेल तेवढी माती उपसतात. उंचवटा आला की तो खोदून कटिंग करायचे, खोलगट भाग आला की भराव घालायचा, वळण घ्यायचे तर लांबलचक घ्यायचे. अशा टेकड्यांच्या मुलखातही ते सामान्यतः चढ ५० मीटरला एक मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवायचा प्रयत्न करतात. मोटाररस्त्याला एवढी काटकसर लागत नाही. १०० मीटरला सहा मीटर चढ त्याला सहज चालतो.

आता या हिशेबात सायकलस्वाराला बसवू. माणूस हे फारच लहान इंजिन आहे. सराव नसलेला पण धडधाकट माणूस तासभर सलग १०० वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याच्या एका बल्बएवढी. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरू, आणि वाट दाबून बसवलेल्या खडीची धरू. चाकांचा आणि वाऱ्याचा अडथळा जमेस धरून आम्ही आकडेमोड केली, तेव्हा सपाटीवर वेग ताशी १९ किलोमीटर निघाला. ५० मीटरला एक मीटर चढावर तो १२ झाला. आणि १०० मीटरला सहा मीटर चढावर उरला फक्त सहा, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतका. एवढ्या कमी वेगाला सायकलचा तोल सांभाळणेही अवघड. बिनगिअरच्या सायकलीवर तर आपण उतरून हातात धरूनच चालू लागतो. जड आगगाडीसाठी सोसलेला मातीकामाचा खर्च शंभर वॉटच्या माणसाला असा उपयोगी पडला.

पण चढाचा प्रश्न सुटला तरी खडीचा राहतोच. खडीवर सायकल जड जाते, हा आपला रोजचा अनुभव आहे. त्यातले बरेचसे खडीच्या जातीवर अवलंबून असते. नदीतले गोल गोटे पसरले तर ते पायाखालच्या गोट्यांसारखे घरंगळतात. रुळांखालची मोठी खडीही सायकलला निरुपयोगी. वाटेसाठी लागते ती फोडलेली, कोनेरी, लहानमोठ्या आकारांची खडी आणि तिच्याबरोबर चुरी. मोठ्या तुकड्यांमधल्या फटींत लहान तुकडे बसतात, त्यांच्या फटींत चुरी बसते. थोडे पाणी मारून रोलर फिरवला की सगळे एकमेकांत अडकून घट्ट होते. आपल्याकडचा चांगला दाबलेला मुरमाचा रस्ता आठवा.

अशी वाट टिकते, ती मोटारी नसल्यामुळे. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यांवर सतत वाहने चालवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून असे निघाले, की रस्त्याची झीज एकेका आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. सायकलच्या मागच्या चाकावर ५० किलो आणि मोटारीच्या एका आसावर ६०० किलो धरा. भार बारापट, पण झीज वीस हजारपट! ट्रकच्या आठ टनी आसाचा हिशेब मुलांना करायला द्या. उत्तर ६५ कोटींच्या घरात जाईल. हा नियम डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवरून काढलेला आहे. खडीला तो तंतोतंत लागू पडणार नाही, पण फरक केवढा आहे याची कल्पना येते. शिवाय खडीच्या रस्त्यावर वाहने वेगाने धावली की आडव्या लाटा उठतात आणि हाडे खिळखिळी होतात. ही व्याधी सावकाश जाणाऱ्या सायकलींमुळे होत नाही.

उरला टायर. टायर जितका कडक तितकी सायकल हलकी, असे आपण समजतो. गुळगुळीत डांबरावर ते बरेचसे खरे आहे. टायर जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताना पूर्ववत होतो, त्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कडक टायर कमी दबतो. खडीवर मात्र प्रकार वेगळा. तिथे कडक टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा पुढे जाण्याच्या गतीतून येते आणि शेवटी स्वाराच्या स्नायूंत, सांध्यांत जिरते. हवा थोडी कमी असेल तर टायर खड्याभोवती दबतो, चाकाचा आस जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि गती वाचते. हवा कमी ठेवायची तर टायर रुंद हवा, नाहीतर खडा आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूब फुटते. म्हणून खडीच्या सायकलींना आता ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर लावतात. गंमत म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीचा दीड इंची टायरही ३८ मिलिमीटरचाच. ती सायकल कच्च्या रस्त्यांसाठीच घडली होती. मधल्या काळातल्या शर्यतीच्या बारीक टायरांनी सगळ्यांचे डोळे दिपवले, एवढेच.

रीझलिंग ट्रेलच्या जन्मामागे मात्र एक दुर्घटना आहे. १६ फेब्रुवारी १९८३ या दिवशी, ख्रिस्ती लोकांच्या ‘अ‍ॅश वेन्सडे’ला, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या राज्यांत भयंकर वणवे पेटले. ७५ माणसे दगावली. क्लेअरच्या लोहमार्गाचेही मोठे नुकसान झाले. तो दुरुस्त करण्याऐवजी बंदच करण्यात आला. त्यानंतरची काही वर्षे आम्हांला या गोष्टीतली सर्वांत नाजूक वाटतात. बंद पडलेला लोहमार्ग म्हणजे काही मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब असा जमिनीचा पट्टा. तो शेजारच्या शेतांत तुकड्यातुकड्याने मिसळला, कुठे भराव खणून नेला, कुठे कटिंग बुजवले, की संपले. शंभर मीटरचा एक तुकडा गेला तरी मंद चढाची सलग रेषा तुटते आणि ती पुन्हा जोडायला नव्याने डोंगर फोडावा लागतो. क्लेअरच्या रहिवाशांनी आणि वाइन बनवणाऱ्यांनी हा पट्टा सलग राहावा म्हणून धडपड केली आणि १९९० च्या दशकात वाट टप्प्याटप्प्याने तयार झाली. पुढे ती क्लेअरच्या उत्तरेलाही गेली आणि ऑबर्नच्या दक्षिणेला रिव्हर्टनपर्यंत त्याच लोहमार्गावर दुसरी वाट झाली.

यातले बरेचसे शाळेच्या आवारात तपासता येईल. चढ मोजायला गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी पुरे. दहा मीटर अंतरावर पाण्याच्या पातळीपासून जमिनीची उंची दोन्हीकडे मोजा. फरक २० सेंटिमीटर आला तर तो आगगाडीचा चढ, ६० आला तर मोटाररस्त्याचा. नंतर एका छोट्या उतारावर खडूने रेघ मारा. तिथून पायडल न मारता सायकल सोडायची आणि खाली सपाटीवर ती कुठे थांबते ते मोजायचे. स्वार तोच ठेवा. वारा पडलेला असावा. उतार संपताना वेग ताशी दहा किलोमीटर असेल, तर चांगल्या डांबरावर सायकल साठ-पासष्ट मीटर जाईल, खडीवर त्याच्या निम्मी. आता हवा थोडी थोडी कमी करत दोन्ही ठिकाणी प्रयोग पुन्हा करा. डांबरावर अंतर घटत जाईल. खडीवर ते आधी वाढेल आणि मग एका ठिकाणानंतर घटू लागेल. ते ठिकाण जड मुलाचे आणि हलक्या मुलाचे सारखे येते का, तेही पाहा.