सहावीचं गणित: आपलं मूल कोणत्या तुकडीत, आणि का?

जून उजाडला की आमच्या शाळेच्या ऑफिससमोर एकच गर्दी असते. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून दाखला काढून आलेले पालक, हातात पाचवीचं प्रगतीपत्रक, सोबत बावरलेलं पोर. प्रश्न ठरलेला. "सर, सेमी में नंबर लगेगा ना?" कुणी म्हणतं, "अ तुकडीतच टाका, ब मध्ये नको, तिथे मस्तीखोर पोरं असतात."

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, शेवगाव असो, नेवासा असो की शहरातलं मुकुंदनगर, हे दृश्य थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच. पण तुकडी ठरते कशी, हे विचारणारे पालक फार थोडे. बाकीचे यादी लागली की नाव शोधतात आणि घरी जातात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या राज्यात सहावी ते आठवीला हुशारांचं गणित वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं, असं काही नाही. राज्य मंडळाच्या शाळांत बालभारतीचं एकच पुस्तक, एकच अभ्यासक्रम. वेगळी असते ती भाषा. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय उर्दू किंवा मराठीतून. पुस्तकातली उदाहरणंही तीच. मात्र लोकांच्या मनात सेमी म्हणजे हुशार पोरांचा वर्ग हे पक्कं बसलंय, आणि खरं सांगायचं तर शाळांनीही ते बसू दिलंय. सेमीच्या जागा मर्यादित, मागणी जास्त. मग निवड कशी करायची? कुठे पाचवीचे गुण बघतात, कुठे शाळा स्वतःची छोटी चाचणी घेते, कुठे जो आधी आला त्याला जागा. कुठे ती तुकडी विनाअनुदानित असते, तिथे फी भरेल त्याचा नंबर लागतो.

याबद्दल कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार, आठवीपर्यंत शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळेला २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळेला ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण नीट वाचा, हे शाळेच्या प्रवेशाबद्दल आहे. प्रवेश झाल्यावर मुलाला अ मध्ये बसवायचं की ब मध्ये, ते मुख्याध्यापक ठरवतात. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, हा कायदा लागू नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती खटल्यात दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवायला सांगितलं. म्हणजे आपल्याच समाजाच्या संस्थेत मूल असेल, तर कलम १३ दाखवून भांडण्यापेक्षा संचालकांशी बसून बोललेलं बरं.

दुसरी चाळणी सरकारी आहे. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेत पास होणं पुन्हा आवश्यक झालं. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीला ६० चा, पास व्हायला ३५ टक्के. पाचवीत भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. एखादं मूल नापास झालं तर जूनमध्ये पुनर्परीक्षा होते, तिथेही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नव्हते, त्या भरवशावर अजूनही काही पालक निर्धास्त आहेत. एप्रिलमध्ये मूल मामाच्या गावी गेलं आणि पुनर्परीक्षेला आलंच नाही, असं घडू देऊ नका. शाळेतून निरोप आला की लगेच भेटा.

आता मुद्द्याचं. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत होतो, तिथे सहावीच्या तुकड्या पाडायला आम्हीच एक चाचणी काढली होती. वीस प्रश्न, सगळे मराठीतून. उर्दू शाळेतून आलेली एक मुलगी होती, तिला वीसपैकी सहा मिळाले. आम्ही तिला ब तुकडीत टाकलं. तिचे अब्बू हातगाडीवर फळं विकायचे. ते एवढंच म्हणाले, "ठीक है सर, आप जो बोले." दिवाळीच्या आधी एकदा वर्गात लसावि शिकवताना ती गप्प बसलेली दिसली. आम्ही सहज उर्दूत विचारलं, "१२ और १८ का ज़ू-अज़आफ़-ए-अक़ल बताओ." तिने वहीत बघितलंही नाही. "छत्तीस," म्हणाली. मग आदे-आज़म विचारला, "छह." मग ३/४ मध्ये १/६ मिळवायला सांगितले. तिने बारा छेद करून ११/१२ लिहून दाखवलं.

तिला गणित येत होतं. 'लसावि' हा शब्द येत नव्हता. आम्ही बी.एड.ला उर्दूतून पाठ घेतलेले, घरात उर्दू बोलणारे, आणि चाचणी काढताना हे आमच्या डोक्यात आलं नाही. त्या चाचणीतले निम्म्याहून जास्त प्रश्न असेच होते. सम आणि विषम विचारलं होतं, तिला जुफ़्त आणि ताक़ माहीत. अंश आणि छेद विचारलं होतं, तिला शुमार-कुनिंदा आणि नसब-नुमा माहीत. गुणोत्तर म्हणजे निस्बत, शेकडेवारी म्हणजे फ़ीसद, आयत म्हणजे मुस्ततील. मराठी माध्यमातून सेमीत गेलेल्या मुलाला एकदा भाषा बदलावी लागते. उर्दूतून आलेल्या मुलाला कधीकधी दोनदा: चाचणीपुरती मराठी, मग वर्गात इंग्रजी. त्यात उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे आणि समीकरण डावीकडून उजवीकडे, ही कसरत ती मुलं पहिलीपासून करतच असतात, त्याचं कौतुक कुणी करत नाही ते वेगळं.

त्या मुलीची तुकडी आम्ही दिवाळीनंतर बदलली. मुख्याध्यापकांना सांगताना आम्हाला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण ते ऐकणारे निघाले.

म्हणून पालकांनी काय विचारावं? एक तर, तुकडी कशावर ठरली: गुणांवर, चाचणीवर की दाखल्याच्या क्रमावर. चाचणी असेल तर ती कोणत्या भाषेत होती. मूल उर्दूतून आलं असेल तर त्याला दहा मिनिटं तोंडी विचारा, उर्दूत विचारा, अशी विनंती करायला काहीच हरकत नाही. उर्दू येणारे एक तरी सर किंवा मॅडम बऱ्याच शाळांत असतात. आणि तुकडी बदलायची संधी कधी मिळेल, तेही विचारून ठेवा. आमचा अनुभव असा की, सेमीतून साध्या वर्गात येणं कधीही जमतं, उलटं मात्र सहावीच्या पहिल्या सत्रानंतर कठीण होत जातं. आठवीनंतर तर जवळजवळ नाहीच. विनंती तोंडी न करता साध्या कागदावर अर्ज लिहून द्या, त्याची पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथे हा विषय काढता येतो.

सेमी मिळालं नाही म्हणजे सायन्स गेलं, ही भीतीही अनाठायी आहे. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, सेमी होतं की नाही यावर नाही. अकरावीत इंग्रजी शब्द पहिले तीन-चार महिने जड जातात हे खरं. पण ज्याचा पाया उर्दूत किंवा मराठीत पक्का आहे, तो ते ओलांडतो. ज्याचा इंग्रजीतच कच्चा राहिला, त्याला कुठल्याच भाषेत गणित येत नाही. असे विद्यार्थी आम्ही दोन्हीकडचे पाहिलेत.

ही ओढाताण फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं बीजगणित बंद करून सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं. पालक इतके नाराज झाले की मार्च २०२४ मध्ये शहरात त्यावर मतदान झालं आणि ते परत आणा असा कौल आला. सिंगापूरने उलटी वाट धरली. तिथे बाराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांचे गट पाडत. ती पद्धत २०२४ पासून मोडली आणि आता मूल गणितात एका पातळीवर, भाषेत दुसऱ्या पातळीवर बसू शकतं.

एक गोष्ट लिहायला जड जाते. फी असलेल्या सेमी तुकडीत मुलगा आणि बिनफीच्या वर्गात मुलगी, एकाच घरातली, हे आम्ही दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. विचारलं तर उत्तर येतं, "उसको तो घर ही संभालना है." आणि बऱ्याचदा पाचवीच्या प्रगतीपत्रकात तिचे गणिताचे गुण भावापेक्षा जास्त असतात.

या सुट्टीत ज्यांचं मूल पाचवीतून सहावीत जातंय, त्यांनी एक दोनशे पानी वही आणावी. प्रत्येक पानावर तीन रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज पाच शब्द, आणि प्रत्येक शब्दाखाली एक सोडवलेलं उदाहरण. सुरुवात कसर, अपूर्णांक, फ्रॅक्शन यापासून करा. पाचवी-सहावीच्या गणितात असे शंभरेक शब्द भरतात. रोज पाच धरले तर वीस-पंचवीस दिवसांचं काम आहे, शाळा उघडायच्या आत आरामात होतं. अम्मी-अब्बूंना गणित येत नसलं तरी चालेल, फक्त रात्री वही उघडून शब्द विचारायचे.