तलवार नसलेला अधिकारी

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं रंगवायचा खेळ खेळायला बसलं की प्रत्येकाला योद्धाच व्हायचं असतं. गंमत म्हणजे हे गावच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर वसलंय. फाळणीनंतर इथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले. छावणी म्हटली की शिधा, दारूगोळा, हजेरी आलीच, आणि ते सांभाळणारा अधिकारीही.

असं पात्र हवं असेल तर शिवकाळातला गड बघा. तिथे हवालदाराच्या बरोबरीनं सबनीस आणि कारखानीस असत. सबनीसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानीसाकडे धान्यकोठार आणि सामानसुमान. गड एकाच माणसाच्या मुठीत जाऊ नये, म्हणून ही विभागणी.

आता सबनीस घडवू. खेळातले ठरलेले सहा आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. बुद्धीला १५ द्या, ताकदीला बेधडक ८. पार्श्वभूमी सैनिकाची नको, विद्वानाची घ्या. कौशल्यांत इतिहास आणि तपास हवेतच.

पण आकड्यांनी पात्र उभं राहत नाही, त्याला काम लागतं. समजा, हजेरीपटावर ५०० शिपाई आहेत आणि कोठारातून धान्य उठतंय जेमतेम ३५० जणांचं. उरलेले दीडशे कुठे गेले? की ते कधी नव्हतेच? हा प्रश्न फक्त सबनीसालाच पडेल, आणि तिथून अख्खी मोहीम वळेल. त्याला एक भीतीही द्या: आपणच मागे कधीतरी खोट्या हजेरीवर सही केली होती.