बोंडातली वाहतूक

संपादकांना हवा होता परभणीच्या देशी कापसाचा परिचय. तो थोडक्यात असा: निजामाच्या काळात नांदेड-परभणीकडची गावरानी रुई नावाजलेली होती, १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ झाले, त्याच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्राने पीए २५५, म्हणजे ‘परभणी तुराब’, यासारखे लांब धाग्याचे देशी वाण दिले.

माझे मन मात्र एकाच तंतूत अडकले. सरकीवरचा प्रत्येक तंतू ही एक सलग पेशी असते. जाडी मिलिमीटरचा साधारण पन्नासावा भाग, लांबी अडीच-तीन सेंटिमीटर. फूल उमलते त्याच सुमारास ती बीजाच्या सालीतून डोके वर काढते आणि दोन-तीन आठवडे लांबत जाते. ऐन भरात दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत. एवढ्या लांबणाऱ्या भिंतीला माल पुरवतो कोण?

माल तयार होतो गॉल्जी नावाच्या चपट्या पिशव्यांच्या थप्पीत. तिथून तो इवल्या थैल्यांत भरून निघतो. अ‍ॅक्टिनचे धागे हे रस्ते. त्यांवर मायोसिन हे प्रथिन एटीपी हे पेशीचे इंधन खर्चत पावले टाकते आणि पेशीद्रव खेळते राहते. थैली पेशीपटलाला भिडते, त्यात विरते, माल भिंतीत उतरतो. सेल्युलोज विणणारे सहा पाकळ्यांचे यंत्रही याच वाटेने येऊन पटलात रुतते. पुढे त्याला ओढणारे कोणी नाही. आतल्या सूक्ष्मनलिका दिशा दाखवतात आणि स्वतः विणलेल्या धाग्याच्या रेट्यानेच ते सरकते, असे मानतात. मला तर हे हातमागापेक्षा चतुर वाटले. वनस्पतींमधली या यंत्राची जनुके १९९६ साली डेबोरा डेल्मर यांच्या गटाला पहिल्यांदा सापडली, तीही कापसाच्याच तंतूत.

पण हे सारे लांबणे पाण्याच्या दाबावर उभे आहे. साखर आणि पोटॅश आत साठतात, पाणी ओढून घेतात, पेशी ताणली जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आढळले की या काळात तंतूची शेजारच्या पेशींकडे उघडणारी सूक्ष्म दारे काही दिवस बंद होतात; ज्या जातीत ती जास्त दिवस बंद, तिचा धागा लांब. मराठवाड्यातला कापूस बहुतांशी कोरडवाहू. बोंडे धरताना पावसाचा खंड पडला की दाब उतरतो, धागा आखूड राहतो आणि नंतरच्या पावसाने ती लांबी भरून निघत नाही.

बाजार लांबी मोजतो. २०२४-२५ साली मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता, लांब धाग्याचा ७,५२१. शेततळ्यात थोडे जरी पाणी असेल, तर ते बोंडे धरण्याच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा.