दोन आठवडे जास्तीचे

दिवस राहताना : लेखांक ४

समजा, रत्नागिरीतलं एक घर. नवरा बोटीवर कामाला. १० जूनला तो सहा महिन्यांनी घरी आला. बायकोची पाळी १ जूनला आली होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, तिनं त्या तारखेला बारीक गोल केला होता. जूनअखेरीची पाळी चुकली, किटवर दोन रेघा उमटल्या आणि १३ जुलैला सोनोग्राफीच्या कागदावर आलं : सहा आठवडे. सासूबाईंनी बोटं मोजली. मुलाला येऊन तर पाच आठवडेही झालेले नाहीत!

सासूबाईंचा हिशेब बरोबर आहे आणि कागदही खोटा नाही. गर्भ नेमका कोणत्या घटकेला राहिला हे कुणालाच दिसत नाही. पाळी मात्र दिसते. म्हणून दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरायचे, असा डॉक्टरांचा शिरस्ता आहे. सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजतात, पण आठवडे याच रिवाजाने लिहितात. त्यातले पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं. त्या दिवशी गर्भाचं खरं वय होतं साधारण चार आठवडे. हे जास्तीचे दोन आठवडे ठाऊक नसल्यानं घरात विनाकारण संशय शिरतो.

गेल्या आठवड्यात आपण पाळीचं चक्र पाहिलं. मूल हवं असलेल्या जोडप्यांना त्यातला ‘चौदावा दिवस’ तेवढा पाठ असतो, आणि फसगत तिथंच होते. १९२०च्या दशकात जपानमधले क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियातले हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की हिशेब उलटा करायचा असतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेक जणींत १४ दिवसांच्या आसपास असतो. मागेपुढे होतो तो त्याआधीचा. म्हणजे २८ दिवसांनी पाळी येणारीचं बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटेल, तर ३५ दिवसांनी येणारीचं एकविसाव्या. ती चौदावा दिवस धरून बसली, तर दर महिन्याला आठवडाभर आधीच थांबेल.

बीज टिकतं १२ ते २४ तास. शुक्रजंतू मात्र गर्भाशयात आणि नलिकेत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज म्हणजे थांब्यावर क्षणभर थांबणारी एसटी. उतारूंनी आधीच येऊन बसलेलं बरं. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस महत्त्वाचे. या दिवसांत अंगावरून जाणारं पांढरं अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं निसरडं होतं, बोटांत धरलं तर ताणलं जातं. एवढंही पाहायचं नसेल, तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तरी पुरे.

सगळं जुळूनही तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता पाचात एक, फार तर चारात एक. वर्षभरात मात्र शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडप्यांकडे गोड बातमी येते. वर्ष उलटलं, किंवा बाईचं वय ३५च्या पुढं असून सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे जावं. आणि जावं दोघांनी. वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सर्वांत सोपी तपासणी, पण बाईच्या चार तपासण्या होईपर्यंत पुष्कळ घरांत तिचं नावही निघत नाही.

आता पुन्हा रत्नागिरीत. १५ जूनच्या सुमारास गर्भ राहिला असं धरू. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी पुढच्या २८ दिवसांत मिटते, म्हणजे १३ जुलैपर्यंत. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी ते काम जवळपास आटोपलेलं! नळी नीट मिटावी म्हणून लागणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी त्या दिवशी लिहून दिली, तर या कामापुरता उशीर झालेला असतो. म्हणून ही रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी प्रयत्न सुरू करण्याच्या निदान महिनाभर आधी घ्यायची. आधी ही नळी नीट न मिटल्याचं व्यंग असलेलं मूल झालं असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरच ठरवतील.

राहिली बाळंतपणाची तारीख. आपल्याकडे म्हणतात ‘नऊ महिने नऊ दिवस’. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतल्या नेगेले यांच्या नावाचा नियम आहे नऊ महिने सात दिवसांचा, म्हणजे २८० दिवस. १ जूनवरून ८ मार्च. आज्यांचा हिशेब अवघ्या दोन दिवसांनी चुकला! अर्थात नियम धरतो २८ दिवसांचं चक्र. पस्तीसवालीची तारीख आठवडाभर पुढं जाते. आणि नेमकी दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच.

तेव्हा कालनिर्णयवरचा तो बारीक गोल दर महिन्याला न चुकता करा. दवाखान्यात पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच असतो.

(पुढच्या आठवड्यात : मळमळ, डोहाळे आणि पहिले तीन महिने)