गच्चीवरची तार: ४० मीटर बँडसाठी

संभाजीनगरहून मुंबई-पुण्याशी दिवसा बोलायला सोयीचा हॅम रेडिओ बँड, भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ. परवाना आधी, अँटेनाची तार नंतर.

• डायपोल: लांबी (मीटर) = १४३ ÷ मेगाहर्ट्‌झ. ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर. मधोमध कापून कोॲक्स जोडतात. दोन्ही टोकांना उंच आधार हवा.

• इन्व्हर्टेड व्ही: उंच खांब एकच, मध्ये. बाजू उतरत्या, मधला कोन ९० ते १२० अंश. रो-हाऊसवर बहुधा हीच बसते. टोकांवर व्होल्टेज जास्त. हात पोचू नये.

• एंड-फेड: लांबी जवळपास तेवढीच, जोडणी एका टोकाला. ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो.

• उंची: पाच-सहा मीटरवरची आडवी तार शक्ती मुख्यतः वर फेकते, आयनांबरातून परतलेली लहर काहीशे किलोमीटरांत उतरते.

• वीजवाहिनी: तार तुटून पडली तरी तिला शिवणार नाही, इतके अंतर.