एडमंटनचा 99 नंबर

जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे खेळाडू, 1989, 1991 आणि 1993 या वर्षांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीचा हक्क, आणि दीड कोटी अमेरिकी डॉलर रोख. 9 ऑगस्ट 1988 रोजी कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्स या आइस हॉकी संघाने एवढे घेतले आणि लॉस एंजेलिस किंग्जला तीन खेळाडू दिले. त्यांतला एक 99 नंबरचा वेन ग्रेट्स्की होता. कागदावर ही अदलाबदल होती. प्रत्यक्षात ती विक्री होती, आणि यादीतली शेवटची बाबच मोलाची होती.

आपल्याला हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच. ऑन्टारिओ प्रांतातल्या ब्रँटफर्ड गावी, टेलिफोन कंपनीत नोकरी करणारे वॉल्टर ग्रेट्स्की हिवाळ्यात घरामागच्या अंगणात पाणी सोडून ते गोठवत आणि मुलाला त्यावर तासन् तास खेळवत. मुलगा अंगाने किरकोळच राहिला. चेंडूऐवजी असलेली चकती आता कुठे आहे यापेक्षा ती पुढे कुठे जाणार हे मात्र त्याला इतरांच्या आधी कळे. धडकाधडकीच्या या खेळात तो प्रतिपक्षाच्या गोलजाळीच्या मागे उभा राहून डाव रचू लागला. ती जागा खेळाडू आजही 'ग्रेट्स्कीचे ऑफिस' म्हणून ओळखतात.

या खेळात गोलला एक गुण आणि गोलसाठी दिलेल्या पासलाही एक. एका मोसमात 200 गुण ग्रेट्स्कीखेरीज एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये कुणालाही जमलेले नाहीत. त्याने ते चार वेळा केले. 1981-82 मध्ये 92 गोल, 1985-86 मध्ये 215 गुण. 1984, 1985, 1987 आणि 1988 असे चार स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचे चषक, एडमंटनला मिळाले. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीतले, तेलाच्या कमाईवर वाढलेले हे शहर त्याच्यामुळे खेळाच्या जगात राजधानीसारखे मिरवू लागले.

मग विकले का? संघाचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांचे इतर धंदे अडचणीत होते. त्यांची ट्रस्ट कंपनी 1983 मध्येच बुडाली होती. 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि सारा अल्बर्टा प्रांत हादरला. त्याच वर्षी त्यांच्या गेनर्स या मांसप्रक्रिया कारखान्यातला कामगारांचा संप फार कडवट झाला. त्यात ग्रेट्स्की करारातून मोकळा होण्याची वेळ जवळ येत होती, आणि तो आपण होऊन गेला असता तर मालकाच्या हाती फारसे काही लागले नसते. लॉस एंजेलिस किंग्जचे मालक ब्रूस मॅकनॉल पैसे ओतायला तयारच होते. मे महिन्यात चौथा कप जिंकल्यावर काही तासांतच वॉल्टर यांनी मुलाच्या कानावर घातले, की तुला विकायचे घाटते आहे.

वार्ताहर परिषदेत ग्रेट्स्कीला बोलता येईना, तो रडला. विरोधी बाकांवरचे खासदार नेल्सन रीस यांनी सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी केली. लोकांनी पॉकलिंग्टन यांचा पुतळा जाळला. त्याहून वाईट वागणूक जॅनेट जोन्स या अभिनेत्रीच्या वाट्याला आली. तिचे ग्रेट्स्कीशी लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, आणि हिनेच त्याला हॉलीवूडला पळवले असे वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले. हा उघड अन्याय होता. जायचेच असेल तर लॉस एंजेलिसला आणि सोबत संघातला मार्टी मॅक्सॉर्ली हवा, असे ग्रेट्स्कीने सांगितले हे खरे. पण बाजार मांडला होता मालकाने. मुंबई इंडियन्सने गुजरातकडून परत आणलेल्या हार्दिक पंड्याची 2024 मध्ये वानखेडेवर हुर्यो उडवली गेली, तेव्हाही व्यवहार करणारे शांतपणे बसून होते आणि शिव्या खेळाडूने खाल्ल्या. एडमंटनकरांनी निदान मालकाचे नाव घेतले.

ग्रेट्स्कीने किंग्जकडून गोलवर मारलेला पहिलाच फटका जाळ्यात गेला. आदल्या वर्षी तळाशी रेंगाळलेला तो संघ त्या मोसमात लीगमध्ये चौथा आला, आणि बाद फेरीत 1-3 असा मागे पडूनही त्याने एडमंटनलाच हरवले. ऑक्टोबर 1989 मध्ये जुन्या पिढीतल्या गॉर्डी हाऊचा कारकिर्दीतल्या 1850 गुणांचा विक्रम ग्रेट्स्कीने मोडला, तोही एडमंटनमध्ये, पाहुण्या संघाच्या गणवेशात. सामना थांबवून प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.

एडमंटनच्या पदरात काय पडले, ही गोष्ट मात्र वरवर दिसते तितकी सोपी नाही. ग्रेट्स्कीची जागा भरण्याचे ओझे कार्सनला पेलले नाही. त्याने स्वतःच सुटका मागितली. 1989 मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन ऑइलर्सने अ‍ॅडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी आणि पेत्र क्लिमा मिळवले. ग्रेव्ह्ज, मर्फी आणि जेलिना ही पोरसवदा त्रयी आणि कर्णधार मार्क मेसिए यांच्या जोरावर 1990 चा कप ग्रेट्स्कीशिवाय जिंकला गेला. अंतिम फेरीचा पहिला सामना तिसऱ्या जादा वेळेत क्लिमाच्याच गोलने सुटला. म्हणून या सौद्याने एडमंटन लगेच बुडाले असे म्हणणे चूक आहे. बुडवले ते एकदा लागलेल्या विकण्याच्या सवयीने. 1991 मध्ये मेसिएही न्यूयॉर्कला गेला, आणि 1993 पासून चार मोसम संघ बाद फेरीतही पोचला नाही.

दक्षिणेत उलट घडत होते. ऊन आणि समुद्रकिनाऱ्याच्या कॅलिफोर्नियात बर्फाचा खेळ खपतो हे मालकांना दिसले. 1991 मध्ये सॅन होजे, 1992 मध्ये टँपा, 1993 मध्ये डिस्नेच्या मालकीचा अ‍ॅनाहाइम आणि मायामीत फ्लोरिडा पँथर्स असे नवे संघ आले. त्याच वर्षी मिनेसोटाचा संघ डॅलसला हलला. सगळ्याचे श्रेय एका माणसाला देता येत नाही, पण दार उघडले ते त्यानेच. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज 2016 च्या निवडीत पहिला आला, हे त्या विस्ताराचे फळ.

किंमत कॅनडातल्या लहान शहरांनी मोजली. खेळाडूंचे पगार वाढत गेले, ते अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचे आणि तिकिटे विकायची घसरत्या कॅनडियन डॉलरमध्ये. क्विबेकचा संघ 1995 मध्ये डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच मोसमात कप जिंकला. 1996 मध्ये विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला. सौदा करणाऱ्या दोघांचेही पुढे भले झाले नाही: मॅकनॉल बँकांच्या फसवणुकीबद्दल तुरुंगात गेले, आणि 1998 मध्ये पॉकलिंग्टन यांच्या हातून ऑइलर्स निसटले. तेव्हा एडमंटनच्याच गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन संघ विकत घेतला आणि तो शहरातच ठेवला.

1993 मध्ये मॉन्ट्रियलने ग्रेट्स्कीच्या किंग्जना हरवून स्टॅनली कप जिंकला. त्यानंतर 2025 पर्यंत कॅनडाच्या एकाही संघाला तो मिळालेला नाही. 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षे एडमंटन अंतिम फेरीत पोचले, आणि दोन्ही वेळा फ्लोरिडा पँथर्सकडून हरले.